धुळ्याची सरकी

जळगाव, २२ नोव्हेंबर १९४२

ती. जीजीस धाकट्या भावाचा, निर्मलचा जय जिनेंद्र.

दिवाळीला आलो नाही म्हणून तू रागावली असशील. राग राहू दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच, कारण मागणं शेवटी आहे.

'बंगळूरला जाऊन एवढा शिकला आणि आता उंदीर पाळतो,' असं पाचोऱ्याच्या मामांनी नात्यात सगळीकडे पसरवलं आहे. ते खोटं नाही. मोतीलाल शेठनी आपल्या तेलमिलच्या मागची एक खोली मला दिली. तीत पिंजरे आहेत, तराजू आहे, थोडी काचेची भांडी आणि एक स्टोव्ह. लढाईमुळे रॉकेल मिळत नाही. मिळालं तर स्टोव्ह पेटतो, एरवी मी एकटाच पेटलेला असतो.

मी काय करतो ते तुला सोपं करून सांगतो. पोटात गेलेल्या अन्नाचं शरीरात काय होतं, त्यातलं कोणतं द्रव्य पोसतं आणि कोणतं मारतं, हे शोधायची माझी विद्या. आपल्या खानदेशात सरकीचे डोंगर पडलेले असतात. सरकीच्या मगजात तुरीच्या डाळीपेक्षा जास्त कस आहे. पण त्याच मगजात एक पिवळं विषही आहे, गॉसिपॉल म्हणतात त्याला. म्हशी ते पचवतात, माणसाला ते पचत नाही. यंदा ज्वारी बाजारातून नाहीशी होत चालली आहे. बिनविषाची सरकी सापडली, तर तिच्या पिठाची भाकरी करून माणसं जगवता येतील. हेच माझं वेड.

शेठनी आखाजीच्या सणापर्यंत, म्हणजे मेपर्यंत, मुदत दिली आहे. तोवर काही निघालं नाही, तर खोली परत आणि मी काकांच्या कापडदुकानात गादीवर. जीजी, मी तिथे बसून मरेन गं.

इथली सरकी दहा गावांची मिसळलेली असते. तुमच्या कापसाच्या जिनात जुन्या देशी कपाशीची निर्भेळ सरकी निघते. तिचं एक पोतं रेल्वेने पाठवशील का? तूच जातीने लक्ष घाल. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.

तुझा,
निर्मल


धुळे, १४ डिसेंबर १९४२

चि. निर्मल यास सज्जनबाईचा आशीर्वाद.

दिवाळीला आला नाहीस त्याचा राग मी धरलेला नाही, पण सोडलेलाही नाही. समोर येशील तेव्हा बघू.

पोतं पाठवलं आहे. चाळीसगावला गाडी बदलताना हमालांनी फाडलं नाही म्हणजे मिळवली. रूपचंदभाऊ मला हसले. म्हणाले, 'भाभी, सरकी काय आहेर म्हणून पाठवता?' दीर असले तरी जिनाचे मालक तेच, म्हणून मी गप्प बसले. सगळी सरकी मी स्वतः निवडली. पाठवायला उशीर झाला, कारण तुझ्या हातून पाप होऊ नये याची व्यवस्था मी इथेच करून दिली आहे. चातुर्मास संपला असला तरी माझं व्रत चालूच असतं, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा निर्धास्त मनाने काम कर.

उंदीर पाळतोस त्यात लाजण्यासारखं काय आहे? गणपतीचं वाहन म्हणून शेजारच्या कमलबाई त्यांना हात जोडतात. आपण कबुतरांना दाणे टाकतो, तू उंदरांना टाक. पुण्यच आहे. मामांना म्हणावं, त्यांच्या दुकानात फुकट खाणारे उंदीर दोन पायांचे आहेत.

तुझं वेड मला आवडलं. इथे पांझरा नदीच्या काठी साक्री, शिंदखेड्याकडची माणसं येऊन बसू लागली आहेत. त्यांची पोरं बघवत नाहीत. लवकर शोध लाव.

सज्जनबाई


जळगाव, १८ फेब्रुवारी १९४३

ती. जीजी,

सापडली! बसून वाच, कारण मी उभ्याउभ्याच लिहितो आहे.

सगळीकडच्या सरक्या मी लावून पाहिल्या, अमळनेरची, बोदवडची, पाचोऱ्याची. त्या खाऊन उंदीर वाळतात, धापा टाकतात, शेवटी मरतात. तुझी धुळ्याची सरकी खाणारा एकही उंदीर मेला नाही. उलट अंगाने भरले. मगजाचा चुरा तेजाबात टाकला की इतर सरकी रक्तासारखी लाल होते. तुझी जेमतेम गुलाबी झाली. तिचा रंग मुळातच जरा पिंगट आहे, मगज आक्रसलेला. हा त्या वाणाचाच गुण दिसतो. तू मांगलिक स्तोत्र ऐकवून पाठवलीस म्हणून हा चमत्कार झाला, असं शेठ म्हणाले. पापाची व्यवस्था केलीस ती हीच ना? मी खूप हसलो.

जीजी, जगात कुणाला न सापडलेली गोष्ट आपल्या घरच्या जिनात पडून होती! बंगळूरच्या माझ्या सरांना लिहिलं आहे. ते म्हणतात, ताबडतोब निबंध लिही. आता मला धुळ्याच्या सरकीच्या गाड्याच्या गाड्या हव्यात. शेठ पीठ काढायला तयार आहेत.

तुझा भाग्यवान भाऊ,
निर्मल


धुळे, ३ मार्च १९४३

चि. निर्मल,

पत्र मोठ्याने वाचत होते. 'शेवटी मरतात' इथे आले आणि कागद मिटला. सासूबाई समोर होत्या. पुढचं मी मनाचं सांगितलं.

मला वाटलं, तू त्यांना पाळतोस. तू तर त्यांना विष घालून मरताना बघत बसतोस आणि लिहून ठेवतोस. आपल्या घरात दिव्यावर जाळी लावतात, पतंग जळू नये म्हणून. माझ्या हातची सरकी खाऊन एकही मेला नाही हे माझं नशीब. पण यापुढे मी सरकीला हात लावणार नाही. जिनातून रूपचंदभाऊ परस्पर गाड्या भरून देतील. तुम्ही दोघं आणि शेठ बघून घ्या.

तरी एक मागते. पीठ लवकर दे. समाजाने नदीकाठी अन्नछत्र उघडलं आहे. ज्वारी मिळेना म्हणून चुली थंड पडतात. मी सकाळपासून तिथेच असते. रांगेतल्या बायका माझ्या तोंडाकडे बघतात आणि माझ्याजवळ त्यांना द्यायला काही नसतं. उंदरांचं पाप तुझं तू फेड, पण ही माणसं वाचव.

सज्जनबाई


जळगाव, १० मे १९४३

ती. जीजी,

तुझा अबोला कळला. आखाजीला माहेरी आली नाहीस, तुझ्याशिवाय झोका रिकामाच राहिला. तरीही आज लिहितो, कारण तुझी मागणी पुरी केली आहे. पिठाच्या गोण्या कालच्या गाडीने निघाल्या. तुमच्याच जिनाची सरकी, टरफलं काढून, थंड घाण्यावर तेल काढून दळलेली. अर्धी ज्वारी, अर्धं हे पीठ असं मिसळून भाकरी करा.

मी मधे महिनाभर बंगळूरला होतो. तिथे विद्वानांपुढे निबंध वाचला. सगळे उठून उभे राहिले, जीजी! निबंध आता छापायला गेला आहे. सर म्हणाले, ही गोष्ट पक्की झाली की शिष्यवृत्ती आणि तिथली कायमची जागा तुझीच. मी परत येईपर्यंत शेठनी दळण करून ठेवलंही होतं. नवं पीठ उंदरांना घालून बघायला वेळ नव्हता, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही. वाण तोच, जिन तेच. तेव्हा नवे उंदीर मारत नाही. यावर तरी खूश हो.

निर्मल


धुळे, १२ जून १९४३

चि. निर्मल,

पीठ आलं तेव्हा तुझ्यावरचा राग गेला. लोकांनी भाकरी कपाळाला लावून खाल्ली. मी सगळ्यांना सांगत होते, माझ्या भावाने काढलंय. फार मिरवलं.

आता भीती वाटते म्हणून लिहिते. पंगतीतली माणसं गळून गेल्यासारखी झाली आहेत. भूक भागते, तरी हातापायांत बळ नाही. घाम येत नाही, अंगाची आग होते, चार पावलं चाललं की धाप लागते. भिकुबाई नावाची एक बाई आहे साक्रीकडची, तिचा नवरा उखर्डू. दोघं छत्रात दळणकांडण, लाकूडफाटा करतात, म्हणून त्यांना दोन्ही वेळ पोटभर मिळतं. दणकट बाई. काल पाण्याची घागर उचलता उचलता खाली बसली आणि मला म्हणाली, 'माय, पायसमा जीवच नही राहिना.' ज्यांना जास्त मिळतं तीच जास्त गळालेली, हे मला विचित्र वाटतं. पिठात तर काही नाही ना रे?

लगेच उत्तर पाठव.

सज्जनबाई


जळगाव, १६ जून १९४३

ती. जीजी,

पिठात काही नाही. हे मी नुसत्या अंदाजाने म्हणत नाही, तुझं पोतं उंदरांवर तपासून म्हणतो. उन्हाळा संपता संपत नाही, माणसं वर्षाची उपाशी, त्यात नदीकाठचे डास. असल्या माणसाला पोटभर मिळू लागलं की पहिले काही दिवस शरीर कुरकुरतंच. त्यांना पीठ कमी करू नकोस, वाढव. भिकुबाईला तर मुद्दाम जास्त दे, कस त्यातच आहे.

आणि कृपा करून ही शंका बाहेर बोलू नकोस. निबंध छपाईत आहे. 'निर्मलच्या सख्ख्या बहिणीलाच विश्वास नाही' एवढी एक कुजबुज पुरेल. मी आयुष्याची वर्षं यात घातली आहेत. तू माझ्या बाजूने उभी राहणार नसशील तर कोण राहील?

निर्मल


धुळे, २९ जून १९४३

निर्मल,

भिकुबाई काल गेली.

तू म्हणालास म्हणून मी तिला जास्त दिलं. माझ्या हाताने मोडून भरवलं. नको म्हणत होती. शेवटी तिला श्वास घेता येईना, भिंतीला टेकून बसली होती ती तशीच राहिली. आणखी कितीतरी आडवे पडले आहेत.

तिला नेऊन आल्यावर उखर्डू माझ्यासमोर येऊन बसला. ओरडला नाही. म्हणाला, 'माय, ही भाकर तू कधी खाधी का?'

मी काय सांगू? मी घरून जेवून येते. व्रतामुळे बाहेरच्या पिठाचं खात नाही. रूपचंदभाऊंनी खाल्ली नाही, शेठनी नाही. तू खाल्लीस का रे? उंदरांना घातलीस, त्यांना घातलीस. तू स्वतः एक तुकडा तरी तोंडात टाकलास?

मला तुझी चीड येते आणि स्वतःची किळस. तुझ्यासाठी सरकी पाठवली तेव्हा मी ती एक एक दाणा जिवंत म्हणून बघितली होती. बी म्हणजे जीव. मातीत पडलं तर उगवतं. ते तू दळणार, आणि त्याची हिंसा तुला लागणार, म्हणून परसातल्या मोठ्या हंड्यात मी सगळी सरकी उकळली, गच्चीवर वाळवली, बी अचित्त, म्हणजे निर्जीव करून मग पोत्यात भरली. ते पाप माझ्या माथी घेतलं. एका बियाचा जीव तुझ्या हातून जाऊ नये म्हणून मी एवढं केलं, आणि तू बाई मारलीस.

सज्जनबाई


जळगाव, २ जुलै १९४३

जीजी,

तार मिळालीच असेल. पीठ बंद कर. गोण्यांना हात लावू देऊ नकोस. या पत्राआधी तार पोचली असू दे, एवढंच मागतो.

तू उकळली होतीस. मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचतो आहे. ती गुलाबी छटा, तो पिंगट रंग, आक्रसलेला मगज, सगळं तुझ्या हंड्यातलं होतं. उकळण्याने ते विष बांधलं जातं, मग अंगाला लागत नाही. धुळ्याचा असा वाण जगात कुठेच नाही. तुमच्या जिनाची कच्ची सरकी इतर सगळ्या सरक्यांसारखीच विषारी आहे, आणि तीच मी गाड्या भरून दळायला लावली. तुझ्या पोत्यातला एक दाणा कुंडीत टाकला असता, तर तो उगवला नसता आणि मला कळलं असतं. शेतकऱ्याचं पोरही बी उगवून बघतं. मला ते सुचलं नाही. तुला पत्र टाकून 'व्यवस्था म्हणजे काय केलीस' एवढं विचारलं नाही. मी हसलो होतो.

मी खाल्ली नव्हती. नाही, एक तुकडाही नाही.

शेठना सांगितलं. त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि म्हणाले, 'साथ होती, साथीत माणसं जातात, तोंड बंद ठेव.' निबंध मागे घेतो म्हणून बंगळूरला तार केली आहे. मला काही सुचत नाही. मिलच्या फाटकाशी बसून लिहितो आहे.

निर्मल


धुळे, ८ जुलै १९४३

चि. निर्मल,

तार वेळेवर आली. त्याच दिवशी चुली विझवल्या.

दुसऱ्या दिवशी बायका पोरं घेऊन दारात आल्या. सगळ्यांना कळलं होतं, की पिठाने माणसं गळाली. तरी आल्या. एक म्हणाली, 'विषनी मरसूत नाहीतं भूकनी मरसूत, दे ना माय.' समाजाकडे ज्वारी नाही. गोदामात गोण्या पडलेल्या. मी कुणाकुणाच्या पाया पडले ते लिहीत नाही. कुठूनही दाणा मिळाला नाही.

म्हणून विचारते, आणि तू सरळ उत्तर द्यायचं आहेस. उकळल्याने विष जातं असं तूच लिहिलंस. मग हे पीठही शिजवलं तर? मी वाट बघत बसले नाही. परसातला तोच हंडा छत्रात आणला. पीठ पाण्यात कालवून दुपारभर रटरटवलं, मग त्याच्या वड्या वाळवून पुन्हा दळल्या. भाकरी झाल्या. कुणी हात पुढे करेना. उखर्डू म्हणाला, 'आते तू खा पहिले. मंग आम्ही देखसूत.'

व्रत मोडलं. सगळ्यांच्या पुढे मांडी घालून बसले आणि खाल्ली. सासूबाईंनी घरात माझं ताट वेगळं केलं आहे. मी रोज दोन्ही वेळ हेच खाते, दुसरं काही नाही. बाकीचे मला बघत बसतात. त्यांना घरचं जेवढं चोरून आणता येतं तेवढं वाटते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

तुझी खोली बंद झाली, उंदीर नाहीत. आता मी आहे. काय बघायचं असतं ते लिही.

जीजी


जळगाव, १२ जुलै १९४३

जीजी, जीजी,

असं करू नकोस. मला खात्री नाही. तुझी सरकी अख्खी उकळलेली होती, हे दळलेलं पीठ आहे, त्यात किती उरेल ते मला सांगता येत नाही. मी तपासल्याशिवाय खाऊ नकोस, तुझ्या पाया पडतो. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. मला आणखी एक मरण सोसणार नाही.

पण तू ऐकणार नाहीस, हेही जाणतो. मग निदान हे कर. कालवताना त्यात लोखंडाचा जुना गंज घाल, खिळे, नाल, काही. लोखंडाने ते विष आणखी बांधलं जातं. जिना चढताना धाप लागते का बघ. घागर उचलता येते का बघ. घाम यायचा थांबला की त्याच क्षणी सोडून दे.

आज बंगळूरहून सरांचं पत्र आलं. ते लिहितात, घाबरू नकोस, वाणाचा शोध चुकला तर चुकला, उकळण्याचा शोध त्याहून मोठा आहे. निबंध नव्याने लिही, शिष्यवृत्ती कायम राहील. फक्त धुळ्याच्या मृत्यूंचा उल्लेख नको. डॉक्टरी दाखला नाही, सिद्ध करता येत नाही, आणि त्याने तुझी सगळी कारकीर्द जाईल, कदाचित फौजदारीही होईल. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. उकळण्याची रीत छापून आली तर हजारो माणसं जगतील, ती मी तुरुंगात बसून कशी सांगणार? मी दिवसभर स्वतःला हेच समजावतो आहे. तू सांगशील तसं करतो. तू गप्प राहा म्हणालीस, तर मी गप्प राहीन, आणि मला तेच हवं आहे. हे लिहिताना लाज वाटते.

निर्मल


धुळे, २० ऑगस्ट १९४३

चि. निर्मल,

अक्षर माझंच आहे, तेव्हा मी आहे. मधे काही दिवस जिना चढताना धाप लागायची, ती विषाने की भीतीने ते कळलं नाही. आता घागर उचलते, जिना चढते, घाम येतो. गंज घातला, लोहाराकडून आणला. छत्रातली माणसं हळूहळू खाऊ लागली. पहिले काही दिवस माझा घास गिळून होईपर्यंत पंगत थांबायची. आता थांबत नाही. आडवे पडलेल्यांतले दोघं वाचले नाहीत, बाकीचे उठून बसतात. उखर्डू सगळ्यांत शेवटी जेवायला बसला. काल त्याने पहिल्यांदा दुसरी भाकरी मागितली.

तुझ्या पत्राचं उत्तर इतके दिवस दिलं नाही, कारण मलाही तेच हवं होतं. माझा भाऊ मोठा व्हावा, त्याला कुणी हातकड्या घालू नयेत. 'गप्प राहा' असं मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही कागद चुलीत घातले.

पर्युषण जवळ आलं. तू माझी क्षमा मागशील, मी तुझी मागेन, आणि आपण दोघं एकमेकांना ती देऊन टाकू. ते घरातल्या घरात झालं. भिकुबाईची क्षमा कुणी मागायची आणि कुणाकडे?

म्हणून काल तुझं पत्र उखर्डूला वाचून दाखवलं. सगळं, काही न गाळता. तुरुंगाचंही वाचलं, शिष्यवृत्तीचंही. मला वाटलं, आता शिव्या देईल, तर मी ऐकून घेईन. तुझ्या छापायच्या निबंधाबद्दल तो एवढंच म्हणाला, 'त्या कागदवर तिन्हं नाव यी का?'

मी हो म्हटलं आहे.

जीजी